आईचे सोडियम ११६ आणि व्हॅसोप्रेसिन नावाचे संप्रेरक

चिकोडी तालुक्यातून आलेला आपला प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझ्या समजण्यात काही राहिले असेल तर ते आपल्या लगेच ध्यानात येईल. आपल्या आई ६८ वर्षांच्या असून त्यांचे वजन ५५ किलोच्या आसपास आहे. रक्तदाबासाठी गेली आठ वर्षे त्या एक जोडगोळी घेतात आणि तिच्यात लघवी वाढवणारे थायझाइड गटातले औषध आहे. वडील गेल्यावर त्यांचे जेवण आणि झोप दोन्ही तुटले, म्हणून मार्चच्या अखेरीस नैराश्यावरची एक गोळी सुरू झाली. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात मळमळ, उलट्या, तोल जाणे आणि शेवटी बरळणे सुरू झाले. तपासणीत सोडियम ११६ निघाले, जे १३५ च्या वर हवे. दवाखान्यात तीन टक्क्यांचे सलाईन देऊन पाच दिवसांत ते १३१ वर आणले आणि दिवसाला एक लिटरच पाणी द्या, असे सांगून त्यांना घरी सोडले. आता आत्या म्हणतात की एवढ्या उन्हाळ्यात म्हाताऱ्या माणसाचे पाणी तोडू नये, मीठ वाढवावे. व्हॅसोप्रेसिन रक्तदाब वाढवते असे आपण वाचले आहे, तेव्हा आईंच्या रक्तदाबाचे मूळ हेच का, या संप्रेरकाची रक्ततपासणी करावी का आणि एका डॉक्टरांनी सुचवलेली टॉल्व्हॅप्टनची गोळी द्यावी का, हे आपले पुढचे प्रश्न. शेवटी आपण मामेभावाच्या नऊ वर्षांच्या मुलाबद्दल विचारले आहे, जो दिवसाला पाच-सहा लिटर पाणी पितो.

मी बेळगावात पंचवीस वर्षे फिजिशियन म्हणून काम करतो. आपल्या आईंना मी तपासलेले नाही. त्यांच्या पायाला सूज आहे का, उभे राहिल्यावर रक्तदाब पडतो का, हे मला ठाऊक नाही आणि या दोन गोष्टींनी उत्तर बदलू शकते. पण आपण पाठवलेल्या आकड्यांत एक आकडा असा आहे की त्यावरून बरेच काही सांगता येते. रक्तातले सोडियम ११६ असतानाच्या दिवशी लघवीची ऑस्मोलॅलिटी, म्हणजे तिच्यात विरघळलेल्या कणांची दाटी, ४१२ होती आणि लघवीतले सोडियम ५८. घरातल्या सगळ्यांची चर्चा मीठ किती द्यावे याभोवती फिरते आहे. मला मात्र हा ४१२ चा आकडा पाहून असे विचारावेसे वाटते की, रक्त एवढे पातळ झालेले असताना मूत्रपिंडांनी जास्तीचे पाणी बाहेर का टाकले नाही?

आमच्याकडे येणारे मराठी रुग्ण 'मीठ कमी झाले' म्हणतात आणि कन्नड रुग्ण 'उप्पु कडिमे आगिदे' म्हणतात. दोन्ही भाषांत गैरसमज एकच आहे. रक्ततपासणीत सोडियमचा जो आकडा येतो तो शरीरातल्या एकूण मिठाचा नसतो, तो एका लिटर पाण्यामागे किती सोडियम आहे याचा असतो. आमटीत मीठ तेवढेच असून वरून दोन तांबे पाणी ओतले तरी आमटी अळणीच लागते. शरीरातले एकूण मीठ मुख्यतः अल्डोस्टेरोन हे दुसरे संप्रेरक आणि त्याच्या सोबतची यंत्रणा सांभाळते, आणि तिचा परिणाम सूज व रक्तदाब यांवर दिसतो. पाण्याचा हिशोब व्हॅसोप्रेसिनकडे असतो आणि त्याचा परिणाम सोडियमच्या आकड्यावर दिसतो. आपल्या आईंच्या शरीरात साधारण २५ लिटर पाणी असावे. सोडियम १४० वरून ११६ वर येण्याचे कारण निव्वळ पाणी साठणे एवढेच धरले, तर जवळपास पाच लिटर पाणी जास्त झाले असा हिशोब निघतो. प्रत्यक्षात काही वाटा लघवीच्या गोळीने बाहेर गेलेल्या सोडियमचा आणि पोटॅशियमचाही असतो, म्हणून पाण्याचा आकडा त्याहून कमी असेल. पण मोठा वाटा पाण्याचाच. एवढे पाणी साठूनही पाय सुजत नाहीत, कारण त्यातले दोन तृतीयांश पेशींच्या आत शिरते. पायाच्या पेशी थोड्या फुगल्या तर कळत नाही. मेंदू मात्र कवटीत बंद असल्याने त्याला फुगायला जागा नसते, आणि बरळणे तिथूनच येते.

आता हे संप्रेरक. व्हॅसोप्रेसिन हा नऊ अमिनो आम्लांचा छोटा रेणू आहे. तो मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमसमध्ये तयार होतो, चेतातंतूंमधून खाली उतरतो आणि पियुषिका (पिट्युटरी) ग्रंथीच्या मागच्या भागात साठवला जातो. १८९५ मध्ये ऑलिव्हर आणि शेफर यांनी पियुषिकेच्या अर्काने प्राण्यांचा रक्तदाब वाढतो हे दाखवले. लघवी रोखण्याचा त्याचा गुण १९१३ च्या सुमारास लक्षात आला. विन्सेंट द्यू विन्यो यांनी पुढे त्याची रचना शोधून तो प्रयोगशाळेत तयार केला, आणि १९५५ चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना मिळाले. रक्तदाबाचा गुण आधी सापडल्यामुळे नाव 'रक्तवाहिन्या आवळणारे' अशा अर्थाचे पडले आणि लघवी रोखणारे म्हणून 'एडीएच' हे दुसरे नाव नंतर चिकटले. डिस्चार्ज कार्डावर एक आणि इंटरनेटवर दुसरे नाव दिसले म्हणून आपण गोंधळलात, यात आपली काही चूक नाही.

रक्तातल्या विरघळलेल्या कणांची दाटी, म्हणजे ऑस्मोलॅलिटी, निरोगी माणसात २७५ ते २९५ च्या दरम्यान राहते. ती २८० ते २८५ च्या वर सरकू लागली की व्हॅसोप्रेसिन सुटू लागते, आणि एक-दोन टक्क्यांचा फरकसुद्धा हायपोथॅलॅमसला कळतो. त्याहून थोडी वर गेली की तहान लागते. उलट दाटी कमी झाली की संप्रेरक जवळजवळ बंद होते आणि लघवी पाण्यासारखी होते. पण या एका तराजूवर दुसरे वजनही पडते. रक्त किंवा शरीरातले द्रव बरेच कमी झाले, साधारण आठ-दहा टक्के घटले, तर दाटी काहीही असो, व्हॅसोप्रेसिन सुटते. शरीर आधी रक्तप्रवाह वाचवते आणि सोडियमची काळजी नंतर करते. मळमळ हे तर त्याचे सर्वांत जोरदार चिथावणीखोर कारण आहे. शस्त्रक्रियेनंतरची वेदना, काही औषधे, फुफ्फुसाचे आणि मेंदूचे आजार, आणि निपाणीच्या तंबाखूच्या पट्ट्यात आम्हाला विसरून चालत नाही असे निकोटीन, यांनीही ते सुटते. आपल्या आई मिश्री लावत असतील तर ते डॉक्टरांना जरूर सांगा. एकट्या मिश्रीने सोडियम ११६ होत नाही, पण चित्र पुरे करायला अशा गोष्टी लागतात.

संप्रेरक रक्तात फिरते सगळीकडे, पण काम होते ते जिथे त्याचा रिसेप्टर, म्हणजे त्याला ओळखून पकडणारा पेशीवरचा रेणू, असेल तिथेच, आणि रिसेप्टरचा प्रकार जसा तसे काम. आपल्या भागात एकच अर्ज तीन कचेऱ्यांत दिला तर तीन वेगळी उत्तरे येतात, तसेच हे आहे. व्ही-१ए रिसेप्टर रक्तवाहिन्यांच्या स्नायूंत, यकृतात आणि प्लेटलेट्समध्ये असतो. तिथे पेशीतले कॅल्शियम वाढते आणि वाहिनी आवळते. व्ही-१बी पियुषिकेच्या पुढच्या भागात असतो आणि ताणाच्या वेळी कॉर्टिसॉल या दुसऱ्या संप्रेरकाच्या साखळीला चालना देतो. मेंदूतल्या रिसेप्टरचा प्राण्यांच्या जोडीदार-प्रेमाशी संबंध जोडणारे लेख आपण वाचले असतील. ते संशोधन रंजक आहे, आपल्या आईंच्या आजाराशी त्याचा संबंध नाही. आपल्याला हवा तो मूत्रपिंडातला व्ही-२.

दोन्ही मूत्रपिंडे मिळून दिवसाला साधारण १८० लिटर द्रव गाळतात. त्यातला बहुतेक भाग कोणाच्याही परवानगीशिवाय परत शोषला जातो. शेवटच्या अठरा-वीस लिटरचे काय करायचे, हे व्हॅसोप्रेसिन ठरवते. शेवटची संकलन नलिका म्हणजे सिमेंटने लिंपलेला पाट समजा. तो मूत्रपिंडाच्या आतल्या भागातून खाली जातो आणि त्या भागातली जमीन मुद्दाम क्षारपड ठेवलेली असते. कृष्णाकाठी क्षारपड जमीन हा शाप आहे, मूत्रपिंडात तीच कमाई आहे. संप्रेरक नसेल तर पाटातले पाणी कितीही क्षारपड रानातून गेले तरी झिरपत नाही आणि पातळ लघवी होऊन बाहेर पडते. संप्रेरक व्ही-२ ला चिकटले की पेशीच्या आत सायक्लिक एएमपी नावाचा निरोप्या वाढतो आणि पेशीत गुंडाळून ठेवलेल्या ॲक्वापोरिन-२ या पाणवाटा पाटाच्या भिंतीत येऊन बसतात. मग भोवतालचे क्षार पाणी ओढून घेतात आणि मागे उरते ती थोडी, दाट लघवी. हे सारे काही मिनिटांत घडते, आणि संप्रेरक ओसरले की पाणवाटा पुन्हा आत ओढल्या जातात. ॲक्वापोरिन हा रेणू पीटर ॲग्रे यांनी १९९२ मध्ये ओळखला आणि २००३ चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना त्यासाठी मिळाले. म्हणजे मी वैद्यकीय शिक्षण घेत होतो तेव्हा पाणी भिंतीतून नेमके कुठून जाते हे आमच्या पुस्तकात धड लिहिलेले नव्हते.

निरोगी मूत्रपिंड लघवीची दाटी ५० पासून १२०० पर्यंत कमीजास्त करू शकते. सोडियम ११६ असताना व्हॅसोप्रेसिन शून्य असायला हवे होते आणि लघवीची दाटी १०० च्या खाली. ती ४१२ होती. याचा अर्थ पाणवाटा उघड्या होत्या, संप्रेरक नको त्या वेळी काम करत होते. आपण विचारलेल्या रक्ततपासणीचे उत्तर इथेच आहे. व्हॅसोप्रेसिन रक्तात फार थोडा वेळ टिकते, प्लेटलेट्सना चिकटते आणि नमुना नीट हाताळला नाही तर बिघडते, म्हणून ते थेट मोजणे बेभरवशाचे ठरते. त्याच्याच मूळ रेणूचा कोपेप्टिन नावाचा तुकडा मोजता येतो, पण आपल्या आईंच्या बाबतीत त्याचीही गरज नाही, कारण लघवीची दाटी हीच संप्रेरकाची हजेरीपट्टी आहे. तालुक्याच्या लॅबमध्ये ही तपासणी होत नसेल तर नमुना बेळगाव, मिरज किंवा कोल्हापूरला जातो. खर्च त्यामानाने थोडा आणि उपयोग मोठा.

मीठ आणि सलाईन यांच्याविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण आमच्याकडच्या निम्म्या भांडणांचे मूळ तिथे आहे. अशक्तपणा आला की सलाईन लावा, असा आग्रह खेड्यापाड्यांत असतो आणि पुष्कळदा तो पुरवला जातो. साधे ०.९ टक्क्यांचे सलाईन एक लिटर दिले तर त्यात ३०८ मिलिऑस्मोल (कण मोजायचे एकक) इतके कण जातात. समजा, संप्रेरक चालूच असल्याने मूत्रपिंड ६१६ दाटीचीच लघवी करते आहे. ते हे सगळे कण अर्ध्या लिटर लघवीत बाहेर काढून टाकते आणि उरलेले अर्धा लिटर निव्वळ पाणी शरीरात ठेवून घेते. म्हणजे मिठाचे सलाईन लावले आणि सोडियम आणखी उतरले! नातेवाईकांना हे पटवणे अवघड जाते आणि त्यांना दोष देण्यातही अर्थ नाही. एके काळी मलाही कागदावर गणित मांडल्याशिवाय ते पटले नव्हते. घरी ओआरएस देण्याचेही असेच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे बनवलेल्या ओआरएसच्या एका लिटरमध्ये सोडियम ७५ असते. जुलाब झालेल्या मुलाला ते जीवदान देते, पण आपल्या आईंच्या रक्ताच्या तुलनेत ते पातळ पाणीच आहे. शहाळ्यात तर सोडियम त्याहूनही कमी. म्हणूनच बरळण्याइतपत आजार वाढला तेव्हा आपल्या डॉक्टरांनी तीन टक्क्यांचे सलाईन थोड्या थोड्या मापात दिले, आणि ते योग्यच केले.

हा प्रकार आपल्या आईंच्या बाबतीत का घडला असावा? माझ्या अंदाजाने एकच कारण नसून चार गोष्टी एका महिन्यात एकत्र आल्या. थायझाइड औषध संकलन नलिकेच्या अलीकडच्या भागात, जिथे लघवी पातळ केली जाते नेमके तिथेच, सोडियमचे शोषण अडवते. त्यामुळे लघवी पातळ करण्याची ताकदच घटते. फ्युरोसेमाइडसारखी लघवी वाढवणारी दुसऱ्या जातीची गोळी ती क्षारपड जमीनही धुऊन काढते, म्हणून तिच्याने असा त्रास कमी होतो. थायझाइड ती जमीन शाबूत ठेवते आणि पाणी परत ओढले जातच राहते. बारीक चणीच्या, वयस्क स्त्रियांना याचा धोका सर्वांत जास्त असतो. आठ वर्षे काही झाले नाही म्हणून ती गोळी निर्दोष ठरत नाही, कारण मार्चमध्ये तिच्या सोबतीला नैराश्यावरची गोळी आली. एसएसआरआय गटातली ही औषधे व्हॅसोप्रेसिन सोडायला लावतात आणि त्रास बहुधा पहिल्या काही आठवड्यांतच दिसतो. आपली तारीख त्याच्याशी जुळते. गोळीचे नाव आपण कळवलेले नाही, तेव्हा ती त्या गटातली आहे का हे पाकिटावर पाहून खात्री करा.

तिसरी गोष्ट जेवणाची. दिवसभर चहा, खारी आणि रात्री पातळ पेज, एवढ्यावर त्या राहत होत्या असे आपण लिहिले आहे. मूत्रपिंडाला पाणी बाहेर टाकण्यासाठी त्यासोबत काही कण टाकावेच लागतात, आणि ते कण येतात जेवणातल्या मिठातून आणि प्रथिनांपासून बनणाऱ्या युरियातून. चौरस जेवणाऱ्या माणसाकडे दिवसाला ६०० ते ९०० मिलिऑस्मोल कण असतात. पेजेवर राहणाऱ्याकडे ते २५० वर येऊ शकतात. वयामुळे लघवी १०० च्या खाली पातळ होत नसेल, तर २५० कणांत अडीच लिटरच पाणी बाहेर जाईल. त्याहून जास्त प्यायलेले साठणार. आणि चौथी गोष्ट म्हणजे त्यांचे उषःपान. पहाटे उठून तांब्याभर पाणी पिण्याची सवय वाईट नाही, निरोगी माणसाला ती पचते. पण तांब्यातले पाणी दीड लिटर, त्यावर उन्हाळ्याच्या भीतीने दिवसभरात आणखी तीन लिटर, आणि पाणवाटा उघड्या, असा मेळ बसला. मळमळ सुरू झाल्यावर मळमळीनेच आणखी संप्रेरक सुटले आणि चक्र पुरे झाले.

हे चार धागे पुरेसे वाटतात म्हणून बाकीचे शोधायचेच नाही, असे मात्र करू नये. छातीचा एक्स-रे पाहिला गेला आहे का, ते विचारा. क्षयरोग, न्यूमोनिया आणि फुफ्फुसाचा कर्करोग यांत हे संप्रेरक अकारण सुटते, आणि तंबाखूच्या भागात ही शंका घेणे आमचे कर्तव्यच असते. थायरॉइड आणि सकाळी आठचे कॉर्टिसॉल तपासून घ्यावे. कॉर्टिसॉल एरवी व्हॅसोप्रेसिनला दाबून ठेवते. ते कमी पडले की हा लगाम सुटतो. खानापूर भागातल्या एका आजींचे सोडियम वारंवार उतरत होते आणि दर वेळी सलाईन लावून त्यांना घरी पाठवले जात होते. तीस वर्षांपूर्वीच्या बाळंतपणात खूप रक्तस्राव झाला होता आणि त्यानंतर अंगावर दूध आलेच नव्हते, हे त्यांना कोणी विचारलेच नव्हते. त्या रक्तस्रावात त्यांची पियुषिका सुकली होती. घोणस चावून वाचलेल्या माणसांतही वर्षांनंतर हेच चित्र कधीकधी दिसते. आपल्या आईंच्या बाबतीत याची शक्यता मला कमी वाटते, पण प्रश्न विचारायला पैसे पडत नाहीत.

पाच दिवस का लागले, एका दिवसात सोडियम का भरून काढले नाही, असे आपण थोड्या नाराजीने लिहिले आहे. दोन दिवसांहून अधिक काळ सोडियम कमी राहिले की मेंदूच्या पेशी आपल्यातले काही कण बाहेर टाकून फुगवटा कमी करून घेतात. अशा मेंदूभोवतीचे रक्त एकदम दाट केले तर पेशी आक्रसतात आणि चेतातंतूंवरील आवरण गळून कायमचे अपंगत्व येऊ शकते. म्हणून २४ तासांत आठ ते दहापेक्षा जास्त वाढ होऊ द्यायची नाही, असा आमचा नियम आहे. थायझाइडच्या रुग्णांत तो पाळणे विशेष कठीण असते, कारण गोळी थांबवली, मळमळ गेली आणि द्रव भरून निघाले की संप्रेरक अचानक बंद पडते आणि लघवीचा लोंढा सुरू होतो. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत १०८ सोडियमच्या एका रुग्ण बाईंनी एका रात्रीत चार लिटर लघवी केली आणि सकाळी आकडा १२४ आला. त्या ओळखू लागल्या, बोलू लागल्या म्हणून घरचे लोक पेढे वाटायच्या तयारीत होते आणि मला घाम फुटला होता. आम्ही त्यांना डेस्मोप्रेसिन, म्हणजे व्हॅसोप्रेसिनचेच व्ही-२ पुरते काम करणारे भावंड, टोचले आणि पाणी देऊन आकडा मुद्दाम खाली आणला. ज्या संप्रेरकाने आजार केला त्याचेच इंजेक्शन द्यावे लागले. त्या नीट चालत घरी गेल्या, पण तेव्हापासून अशा रुग्णाची लघवी तासातासाला मोजल्याशिवाय मी वॉर्ड सोडत नाही.

रक्तदाबाच्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात देता येईल. पाणी रोखायला जेवढे व्हॅसोप्रेसिन पुरते, त्याहून बरेच जास्त प्रमाण रक्तवाहिन्या आवळायला लागते. म्हणून संप्रेरक अकारण सुटणाऱ्या रुग्णांचा रक्तदाब त्यामुळे वाढलेला दिसत नाही, आणि आपल्या आईंचा रक्तदाब हा त्यांचा जुना, स्वतंत्र आजार आहे. व्ही-१ए चा उपयोग आम्ही अतिदक्षता विभागात करतो. जंतुसंसर्गाने रक्तदाब कोसळलेल्या रुग्णाला रक्तदाब चढवणाऱ्या नॉरॲड्रेनॅलिनच्या जोडीला मिनिटाला ०.०३ युनिट इतके व्हॅसोप्रेसिन ठिबकवले तर आवळण्याची क्रिया परत येते. जास्त झाले तर बोटे काळी पडतात आणि आतड्याचा रक्तपुरवठा घटतो. त्याचा दुसरा भाऊ टर्लिप्रेसिन, यकृत खराब झालेल्या रुग्णाची रक्ताची उलटी थांबवण्यासाठी वापरतात. व्ही-२ चे एक अनपेक्षित काम म्हणजे रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून रक्त गोठवणारे घटक सोडणे. सौम्य हिमोफिलियाच्या काही रुग्णांना दात काढण्याआधी डेस्मोप्रेसिन देतात ते याच कारणाने.

टॉल्व्हॅप्टन हे व्ही-२ चे दार अडवून धरते, त्यामुळे संप्रेरक कितीही असले तरी पाणवाटा बंद राहतात आणि निव्वळ पाणी बाहेर जाते. औषध चांगले आहे आणि योग्य रुग्णात मीही देतो. पण ते दवाखान्यात भरती करूनच सुरू करायचे असते, पहिल्या २४ तासांत पाण्यावर बंधन घालायचे नसते, सहा-आठ तासांनी सोडियम तपासायचे असते आणि पुढे यकृतावर लक्ष ठेवायचे असते. ज्यांचे संप्रेरक सुटण्याचे कारण दूर करता येत नाही त्यांच्यासाठी ते आहे. आपल्या आईंचे कारण औषधांत असेल तर ती थांबवून दोन-तीन आठवडे थांबणे मला जास्त शहाणपणाचे वाटते. घरी, एक लिटर पाण्याच्या बंधनासह, अर्धी गोळी कापून देणे हा मात्र धोकादायक बेत आहे. तसे कोणी सांगितले असेल तर पुन्हा स्पष्ट विचारून घ्या.

आता घरातल्या व्यवस्थेबद्दल. डिस्चार्ज कार्डावर रक्तदाबाची जुनी गोळी बंद लिहिली असेल, पण डब्यात तिची पाकिटे अजून असतील. सीमाभागातल्या कुटुंबांत एक डॉक्टर निपाणीचा, एक बेळगावचा आणि एक मिरजेचा असतो आणि तोच घटक दोन वेगळ्या नावांच्या गोळ्यांतून पोटात जातो, हे मी अनेकदा पाहिले आहे. घरातली सगळी पाकिटे एका पिशवीत घालून पुढच्या भेटीला न्या. थायझाइड आणि त्याच्या जवळची क्लोरथॅलिडोन, इंडापमाइड ही औषधे आपल्या आईंना यापुढे नकोत, हे सर्व डॉक्टरांना लिखित दाखवा. नैराश्यावरची गोळी आपण होऊन बंद करू नका. मानसोपचारतज्ज्ञांना हा आकडा कळवलात तर ते मिर्टाझापीनसारखे कमी धोक्याचे औषध निवडू शकतील. दुःख खरे आहे आणि त्याला उपचार हवाच.

एक लिटर पाण्यात चहा, ताक, आमटी आणि पेज हे सर्व धरायचे असते, आणि नेमके तेच घरी कोणाला सांगितले जात नाही. सकाळी लिटरची एक बाटली भरून ठेवावी. चहा दिला की तेवढे पाणी बाटलीतून ओतून टाकावे. आत्यांची काळजीही अस्थानी नाही. चिकोडी-अथणीच्या एप्रिल-मेमध्ये घाम येतो, आणि आई दुपारी पत्र्याखाली बसत असतील तर मर्यादा थोडी सैल करावी लागेल. किती, ते रोज सकाळचे वजन आणि आठवड्याचे सोडियम पाहून डॉक्टर ठरवतील. जेवणात डाळ, मटकी, अंडी, दही वाढवा, म्हणजे पाणी बाहेर न्यायला कण मिळतील. याच कारणाने काही रुग्णांना औषध म्हणून शुद्ध युरिया देतात. मी हे सांगितले की आमचे ऊस उत्पादक हसू लागतात, म्हणून खताच्या पोत्याला हात लावायचा नाही हेही सांगावे लागते. मीठ नेहमीइतकेच असू द्या. पहिली सोडियम तपासणी घरी आल्यापासून चार-पाच दिवसांत आणि नंतर आठवड्याला एकदा, आकडा १३५ च्या वर स्थिर होईपर्यंत. मधेच मळमळ, डोकेदुखी किंवा बोलण्यात विसंगती दिसली तर तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी तपासा.

मामेभावाच्या मुलाचे चित्र बरोबर उलटे असू शकते. नऊ वर्षांचा मुलगा पाच-सहा लिटर पाणी पितो, रात्रीही उठून पितो आणि साखर नॉर्मल आहे, तेव्हा तीन शक्यता उरतात. संप्रेरकच कमी तयार होत असेल, किंवा संप्रेरक असून व्ही-२ रिसेप्टर ऐकत नसेल, किंवा सवयीने पाणी जास्त पिणे होत असेल. पहिल्या दोहोंना आजवर डायबिटीज इन्सिपिडस म्हणत. साखरेच्या मधुमेहाशी होणारा गोंधळ टाळण्यासाठी २०२२ मध्ये तज्ज्ञांच्या गटाने व्हॅसोप्रेसिनची कमतरता आणि व्हॅसोप्रेसिनला प्रतिरोध अशी नवी नावे सुचवली. व्ही-२ चे जनुक एक्स गुणसूत्रावर असल्याने जन्मजात प्रतिरोध बहुतेक मुलग्यांत दिसतो, पण त्याची लक्षणे तान्हेपणीच सुरू होतात. हे अलीकडे सुरू झाले असेल तर हायपोथॅलॅमस-पियुषिकेच्या भागाचा एमआरआय लागेल, आणि डोकेदुखी, नजर कमी होणे किंवा उंची थांबणे यांतले काही असेल तर तो लवकर. सुरुवात पहाटेच्या पहिल्या लघवीची ऑस्मोलॅलिटी आणि त्याच वेळचे रक्तातले सोडियम एवढ्यापासून करता येते.

आपल्या आईंचे पाणी कमी केल्याने गुण आला, म्हणून त्याचेही पाणी तोडून पाहू, असे घरात कोणी म्हणत असेल तर ते आजच थांबवा. त्याच्या पाणवाटा खरोखर बंद असतील तर पाणी न मिळाल्यास काही तासांत त्याचे सोडियम धोक्याच्या पातळीवर चढेल. पाणी बंद ठेवून करायची चाचणी असते, पण ती दवाखान्यात, तासातासाला वजन करत. तपासण्या होईपर्यंत त्याच्या उशाशी भरलेली बाटली ठेवा, आणि वर्गात पाणी पिण्याची व लघवीला जाण्याची त्याला मुभा द्यावी अशी चिठ्ठी शाळेतल्या बाईंना द्या.